क्वाय नदीवरचा पूल : सिनेमात खरं किती आणि रचलेलं किती?

झोपमोड्या (धागाकर्ता)

मंडळी, जुनीच शंका आहे पण परवा परत डोक्यात घुसली. 'द ब्रिज ऑन द रिव्हर क्वाय' पुन्हा बघितला, १९५७ चा, डेव्हिड लीनवाला. पूर्वी कधीतरी बघितला होता तेव्हा फक्त ती शिट्टीवरची धून आणि शेवटचा स्फोट एवढंच लक्षात राहिलं होतं, या वेळी मात्र तो जपान्यांच्या कैदेतला ब्रिटिश कर्नल निकल्सन जाम डोक्यात गेला. म्हणजे आधी काय तो बाणेदारपणा, पत्र्याच्या खोपटात उन्हात कोंडून घातलं तरी आमचे अधिकारी हमाली करणार नाहीत म्हणजे नाहीत, बाहेर येतो तेव्हा पाय लाकडासारखे झालेत तरी ताठ चालायचा प्रयत्न करतोय, आणि मग हाच माणूस स्वतःच्या हाताने शत्रूला पूल बांधून देतो, वर त्यावर पाटी पण लावतो की हा आम्ही बांधला!

तर प्रश्न असा की असा कुणी ब्रिटिश अधिकारी खरंच होऊन गेला का? पूल कमांडोंनी उडवला होता का? एका मित्राचं म्हणणं की त्यात रेल्वे सोडून काहीच खरं नाही, मला ते जरा अतीच वाटतंय. आणि या विषयावर वाचायचं झालं तर काय वाचावं? विकिपीडियाची लिंक देऊ नका प्लीज, ती मला पण सापडते. जाणकारांनी जरा सविस्तर लिहा.

तोफखाना

मित्र बराचसा बरोबर आहे तुमचा. लांब होईल, वेळ असेल तर वाचा.

आधी रेल्वे का, ते बघू कारण सिनेमात ते नीट येतच नाही. १९४२ च्या पूर्वार्धात जपान्यांनी ब्रह्मदेश घेतला, पण तिथल्या सैन्याला रसद पोचवायची तर सिंगापूरला वळसा घालून मलाक्काच्या सामुद्रधुनीतून रंगूनपर्यंत समुद्रमार्ग, आणि मिडवेच्या समुद्री लढाईतल्या मारानंतर त्यांचं आरमार कमजोर झालेलं, दोस्तांच्या पाणबुड्यांचा धोका वाढत चाललेला. म्हणून थायलंडातलं बान पोंग ते ब्रह्मदेशातलं थानब्युझायात असा ४१५ किलोमीटरचा लोहमार्ग डोंगर-जंगलातून काढायचं ठरलं. गंमत म्हणजे याच भागाची पाहणी ब्रिटिशांनी फार आधी करून झाली होती आणि काम फार अवघड म्हणून त्यांनी नाद सोडला होता. जपान्यांनी दोन्ही टोकांनी काम सुरू केलं आणि ऑक्टोबर १९४३ मध्ये रूळ जोडले पण. साधारण वर्षभरात! तेव्हा सिनेमात जपानी इंजिनियरला पूल कुठे बांधायचा तेच कळत नाही आणि ब्रिटिश येऊन त्याला शिकवतात हे जे दाखवलंय ती निव्वळ थाप आहे. त्यांच्या रेल्वे रेजिमेंट होत्या, काम येणारे लोक होते. माणसं मरतायत याची फिकीर नव्हती, तो वेगळा मुद्दा.

आता पूल. तामारकान नावाच्या ठिकाणी एक सोडून दोन पूल होते, आधी लाकडी आणि त्याच्या जवळच काँक्रीटच्या खांबांवरचा पोलादी. पोलादी कमानी जावाहून उचकटून आणलेल्या. दोन्ही पूल १९४३ मध्येच पुरे झाले आणि १९४५ पर्यंत वापरात होते. कमांडो वगैरे कोणी आलं नाही, १९४४-४५ मध्ये विमानांनी बॉम्ब टाकून टाकून ते मोडले. आणि नदी पण क्वाय नव्हतीच, तो पूल मे क्लाँग नदीवर होता! कादंबरीकाराने नकाशावर रेल्वे क्वायच्या काठाकाठाने जाताना पाहिली आणि पूल पण तिच्यावरच असणार असं धरून चालला. सिनेमा गाजल्यावर परदेशी लोक क्वायवरचा पूल शोधत यायला लागले, तेव्हा थायलंडने १९६० च्या दशकात नदीच्या त्या पट्ट्याचंच नाव बदलून ख्वे याई करून टाकलं. सिनेमा इतिहासाप्रमाणे चालला नाही म्हटल्यावर भूगोलच सिनेमाप्रमाणे केला. यापेक्षा मोठा ऑस्कर काय असतो.

आता निकल्सन. तामारकानच्या छावणीतला वरिष्ठ ब्रिटिश अधिकारी होता लेफ्टनंट कर्नल फिलिप टूसी, मूळचा बँकेतला माणूस. फेब्रुवारी १९४२ मध्ये सिंगापूर पडायच्या आधी त्याला तिथून निघून जायचा हुकूम मिळाला होता, पण माझी माणसं सोडून मी जाणार नाही म्हणून हा थांबला आणि कैदी झाला. छावणीत त्याचं धोरण एकच होतं, माणसं जिवंत ठेवायची. जपान्यांशी उगाच हातघाईवर यायचं नाही, पण मार खाऊनसुद्धा दर वेळी तक्रार करायची, आणि त्यांना पटेल अशा भाषेत सांगायचं की जेवण आणि सुट्टी दिलीत तर काम जास्त होईल. संडास कुठे खणायचे, पाणी उकळून प्यायचं, स्वयंपाकघर स्वच्छ ठेवायचं, याबाबतीत आपल्याच लोकांशी कडक. त्याच्या छावणीत बांधकामाच्या काळात मृत्यू इतर ठिकाणांपेक्षा बरेच कमी झाले ते यामुळे.

आणि घातपात? तो तर मस्तच. कैदी वाळव्या गोळा करायचे आणि लाकडी पुलाच्या खांबांमध्ये सोडायचे. काँक्रीटचं मिश्रण मुद्दाम बिघडवायचं. निकल्सन पुलाच्या प्रेमात पडतो आणि इथे खरा कर्नल आपल्या पुलाला वाळवी लावतोय!

सिनेमातल्या जपानी छावणीप्रमुखाचं नाव साइतो, त्या नावाचा माणूसही खरा आहे, पण तो काही छावणीचा सर्वेसर्वा कर्नल नव्हता, दोन नंबरचा सार्जंट मेजर होता आणि त्यातल्या त्यात बरा वागायचा म्हणून युद्धानंतर टूसीने त्याच्या बाजूने साक्ष दिली. टूसी १९७५ मध्ये गेला. पुढे म्हातारपणी साइतो इंग्लंडला जाऊन त्याच्या कबरीपाशी उभा राहून आला. हा सिनेमा कोणी काढत नाही.

कट्टर_पिक्चरवाला

तोफखानासाहेब माहिती एक नंबर पण मला एक कळत नाही, सिनेमा बघताना सोबत फूटपट्टी घेऊन बसायचं कशाला? लीनला टूसीचं चरित्र काढायचंच नव्हतं. शिस्तीच्या आणि अभिमानाच्या नादात माणूस कुणाच्या बाजूने लढतोय हेच विसरतो ही गोष्ट सांगायची होती आणि ती त्याने काय सांगितलीये! शेवटी निकल्सन झालेला अ‍ॅलेक गिनेस स्वतःच्या टोपीकडे हात नेतो आणि 'मी हे काय करून बसलो' म्हणतो तो सीन बघा परत. सात ऑस्कर उगाच नाही मिळाले.

आणि मूळ कादंबरीकार पिअर बूलला शिव्या घालायच्या आधी त्याचं पण ऐका. हा फ्रेंच माणूस मलायात रबराच्या मळ्यावर कामाला होता, युद्धात स्वतंत्र फ्रान्सवाल्यांसाठी गुप्तहेरगिरी करायला इंडोचायनात शिरला आणि १९४२ मध्ये पकडला गेला. पण कोणाकडून? जपान्यांकडून नाही, विशीवाल्या (जर्मनीपुढे झुकलेल्या फ्रेंच सरकारच्या) अधिकाऱ्यांकडून! आपल्याच देशाच्या गणवेशातल्या लोकांनी त्याला सक्तमजुरीवर पाठवलं. त्याने नंतर सांगितलं की निकल्सन त्याने अशाच, शत्रूला हातभार लावणाऱ्या फ्रेंच अधिकाऱ्यांवरून घेतला. म्हणजे कादंबरीतला राग खरा आहे, फक्त चुकीच्या सैन्याला चिकटवलाय. बरं कादंबरीत शेवटी पूल उडतच नाही हे किती जणांना माहितीये? १९५२ चं पुस्तक, त्यात पूल शाबूत राहतो. सिनेमात मात्र सिलोनमध्ये, कितुलगलाला, खरोखरचा पूल बांधून त्यावरून खरी आगगाडी नेऊन उडवला. एवढा खर्च करून पूल न उडवता प्रेक्षकांना घरी पाठवलं असतं तर थेटर उडवलं असतं लोकांनी.

तो अमेरिकन शिअर्स पण असाच. पुस्तकात शिअर्स ब्रिटिश कमांडो आहे. सिनेमात अमेरिकन तिकीटबारीसाठी विल्यम होल्डन हवा, मग तो कैदी झाला, पळाला, आणि सिलोनात नर्ससोबत समुद्रकिनाऱ्यावर सापडला :)

जाता जाता, पटकथेचं ऑस्कर बूलला मिळालं, ज्याला धड इंग्रजी येत नव्हतं. खरे लेखक कार्ल फोरमन आणि मायकेल विल्सन, पण ते कम्युनिस्ट असल्याच्या संशयावरून हॉलिवूडच्या काळ्या यादीत होते म्हणून नाव नाही. अकादमीने १९८४ मध्ये दोघांना ऑस्कर दिलं, तोवर दोघेही वारले होते. सिनेमातल्या खोट्याचा एवढा काथ्याकूट चाललाय तर सिनेमाच्या श्रेयनामावलीतलं हे खोटं पण मोजा.

झोपमोड्या

वाळवी!!! हे भारीच आहे. आणि विशीवाल्यांचा संदर्भ अजिबात माहीत नव्हता, आता निकल्सनकडे वेगळ्याच नजरेने बघावं लागणार.

@कट्टर_पिक्चरवाला, फूटपट्टी नाही हो, पण तुम्हीच सांगा, जे लोक तिथे होते त्यांना हा सिनेमा बघून काय वाटलं असेल?

तोफखाना

भडकले होते बरेच. आमचा कर्नल शत्रूला सामील होता असं जगभर दाखवलंत म्हणून. सगळ्यात जास्त त्रास झाला तो या गोष्टीचा की सिनेमातले कैदी फार तब्येतीत दिसतात. खऱ्या कैद्यांचे त्या काळातले फोटो आणि चित्रं आहेत, बरगड्या मोजता येतात, कमरेला फक्त एक लंगोटीवजा फडकं. मलेरिया, आमांश, बेरीबेरी, आणि पायावर साधा बांबू लागला तरी त्याची हाडापर्यंत जाणारी जखम व्हायची. टूसीने स्वतः मात्र 'खरा मी' म्हणून फार गाजावाजा केला नाही.

शाईचा_डाग

सगळे प्रतिसाद वाचले. छान चर्चा आहे, पण निकल्सन खरा की टूसी खरा यात आपण सगळे त्याच खिडकीतून बघतोय असं नाही वाटत का तुम्हाला? सिनेमा खोटा ठरवायला पण आपण ब्रिटिश कर्नलच घेतला.

त्या रेल्वेवर दोस्त राष्ट्रांचे युद्धकैदी होते साधारण ६० हजार, ब्रिटिश, ऑस्ट्रेलियन, डच आणि थोडे अमेरिकन. त्यातले १२ हजारांच्या वर मेले. आणि आशियाई मजूर किती होते? दोन लाखांच्या आसपास, काही अंदाज त्याहून जास्त. तमिळ, ब्रह्मी, मलाय, जावानीज. मेलेल्यांचा अंदाज ८० हजार ते १ लाख. अंदाज म्हणतेय कारण मोजले कोणी नाहीत. सिनेमात यातला एक तरी मजूर आठवतो का? कमांडोंची ओझी वाहायला थाई बायका आणि वाट दाखवायला एक थाई माणूस, तेवढेच.

तमिळ मंडळी कुठून आली तर मलायातल्या रबराच्या मळ्यांवरून. म्हणजे बूल जिथे नोकरीला होता तशाच मळ्यांवरून! जपानी आल्यावर रबर पाश्चात्य देशांना जाणं बंद झालं, मळ्यांवर काम नाही, मजुरी नाही, तांदूळ नाही. मग ठेकेदार यायचे, थोड्या महिन्यांचं काम आहे, पगार आहे, राहायची सोय आहे, बायकामुलांना पण आणा. बरेच जण म्हणून कुटुंबासकट गेले. पुढे गोड बोलून माणसं मिळेनात तेव्हा धरपकड. वाचलेल्यांच्या आठवणींत असंही येतं की फुकट सिनेमा दाखवतो म्हणून लोकांना जमवायचं आणि मग दारं लावून थेट गाडीत भरायचं. फुकट सिनेमा! आता यावर मी काय बोलू.

आणि मरण्याचं प्रमाण एवढं जास्त का, तर सैनिक कैदी कितीही हालात असले तरी ती एक बांधलेली पलटण होती. त्यांच्यात डॉक्टर होते, अधिकारी होते, संडास लांब खणा आणि पाणी उकळा म्हटलं की हुकूम म्हणून ते व्हायचं. टूसीचं कौतुक तोफखानांनी केलंच आहे. मजुरांच्या छावणीत यातलं काही नाही, अनोळखी लोक, निरनिराळ्या भाषा, डॉक्टर नावाला नाही. १९४३ च्या पावसाळ्यात पटकी आली आणि त्याच वेळी जपान्यांनी कामाचा वेग वाढवलेला, तेव्हा मजुरांच्या छावण्याच्या छावण्या बसल्या. काही ठिकाणी युद्धकैद्यांतल्या डॉक्टर आणि अर्दलींना तिकडे पाठवलं गेलं, त्यांनी लिहून ठेवलंय म्हणून आपल्याला एवढं तरी कळतं.

कट्टर_पिक्चरवाला

हे खरंच माहीत नव्हतं. पण मग यावर कुणी सिनेमा किंवा गाजलेली कादंबरी का नाही केली? दोन लाख माणसं म्हणजे लहान आकडा नाही.

शाईचा_डाग

माझं मत सांगते, पटलं तर घ्या. सिनेमा कादंबरीवरून होतो, कादंबरी डायऱ्या-पत्रं-आठवणींवरून होते, आणि डायरी कोणाकडे असते? ज्याला लिहिता येतं आणि ज्याच्याकडे कागदाचा तुकडा असतो त्याच्याकडे. कैद्यांनी जीव धोक्यात घालून लिहिलं, बांबूच्या नळकांड्यांत कागद लपवले. रोनाल्ड सर्ल नावाचा तरुण चित्रकार, जो नंतर व्यंगचित्रकार म्हणून जगभर गाजला, तो तिथे कैदी होता. त्याने काढलेली चित्रं तो पटकीने मरायला टेकलेल्यांच्या अंथरुणाखाली ठेवायचा, कारण पटकीच्या भीतीने पहारेकरी तिथे झडती घ्यायला येत नसत. हे असं करून ती चित्रं वाचली आणि आज संग्रहालयात आहेत. मळ्यावरच्या मजुराकडे ना अक्षर ना कागद, आणि परत आला तरी विचारायला कोण गेलं?

मेल्यानंतर पण तेच. युद्ध संपल्यावर लगेच शोधपथक रेल्वेमार्गाने फिरलं आणि कैद्यांच्या दहा हजारांहून जास्त कबरी शोधून काढल्या, कारण कैद्यांनी पुरताना नोंदी ठेवल्या होत्या. आज थायलंडातल्या कांचनाबुरीच्या दफनभूमीत जवळपास ७ हजार कबरी आहेत, ओळीने आणि बहुतेकांवर नाव. मजुरांना पुरलं किंवा जाळलं ते तिथेच, मार्गाच्या कडेला, नावाशिवाय. सिनेमावाल्यांना दोष द्यायचा तर द्या, पण ते शेवटच्या टोकाला आलेत. गाळणी आधीच लागून गेली होती.

रणगाडा_रिव्हर्स

शाईचा_डाग यांना +१००. आणि हे फक्त क्वायपुरतं नाहीये. डंकर्कवर २०१७ ला एवढा मोठा सिनेमा आला, २६ मे ते ४ जून १९४०, ३ लाख ३८ हजारांवर माणसं बाहेर काढली, आणि त्या किनाऱ्यावर भारतीय लष्कराच्या खेचरांच्या तुकड्या होत्या, डिसेंबर १९३९ मध्येच मार्सेलला उतरलेल्या. त्या सिनेमात शोधून दाखवा.

'ग्रेट एस्केप' घ्या. मार्च १९४४, सागानची जर्मन युद्धकैदी छावणी, भुयारातून ७६ बाहेर पडले, फक्त ३ सुटले, ७३ परत पकडले गेले आणि त्यातल्या ५० जणांना हिटलरच्या हुकमाने गोळ्या घातल्या. सुटलेले तिघे कोण? दोन नॉर्वेजियन आणि एक डच. आणि सिनेमात सगळ्यांना आठवतो तो मोटारसायकलवरचा स्टीव्ह मॅक्वीन! अमेरिकन कैदी तर पलायनाच्या आधीच दुसऱ्या आवारात हलवले होते. तिथे पण मूळ पुस्तक लिहिणारा पॉल ब्रिकहिल स्वतः त्या छावणीतला कैदी होता म्हणून बाकीचे तपशील बरेच खरे आलेत, पलंगाच्या फळ्या भुयाराला टेकू म्हणून लावणं, दुधाच्या पावडरच्या डब्यांचा हवेचा नळ करणं, पायजम्यात पिशव्या लपवून चालता चालता माती सांडणं.

'यू-५७१' या सिनेमाचं तर नावच काढू नका. एनिग्मा, म्हणजे जर्मनांचं गुप्त संदेशांचं यंत्र, जर्मन पाणबुडीतून अमेरिकन काढतात म्हणे. ब्रिटिश आरमाराने यू-११० वरून ते मे १९४१ मध्ये काढलं, तेव्हा अमेरिका युद्धात उतरलीच नव्हती.

कट्टर_पिक्चरवाला

मॅक्वीनला काही बोलायचं नाही हां. मोटारसायकलवरून कुंपणापलीकडे मारलेली ती उडी त्याच्या मित्राने, बड एकिन्सने मारली होती आणि मॅक्वीन ते लोकांना सांगायचा पण. बाकी सगळं मान्य.

झोपमोड्या

धागा कुठल्या कुठे गेला, मजा आली. आता फक्त वाचायचं काय ते सांगा. आणि पूल अजून आहे का?

तोफखाना

आहे की. पोलादी पूल युद्धानंतर दुरुस्त केला आणि त्यावरून आजही गाडी जाते, पण नाम तोक स्टेशनपर्यंतच, पुढे ब्रह्मदेशापर्यंतचे रूळ उखडले गेले. फोटोत बघा, गोलाकार कमानी आहेत त्या मूळच्या, मधे सरळ कोनाच्या आहेत त्या बॉम्बने पडलेल्यांच्या जागी नंतर बसवलेल्या.

वाचायला एरिक लोमॅक्सचं 'द रेल्वे मॅन'. हा स्वतः तिथला कैदी, छावणीत चोरून रेडिओ केला म्हणून अमानुष मार खाल्ला, आणि पन्नास वर्षांनी त्या चौकशीतल्या जपानी दुभाष्याला जाऊन भेटला. त्यावरचा २०१३ चा सिनेमा पुस्तकाच्या मानाने ठीकठाक.

शाईचा_डाग

लोमॅक्स आधी, मग रिचर्ड फ्लॅनगनची 'द नॅरो रोड टू द डीप नॉर्थ', २०१४ चं बुकर. त्याचे वडील त्या रेल्वेवर ऑस्ट्रेलियन कैदी होते. अवघड आहे, एका बैठकीत होणार नाही आणि मधले काही भाग वाचताना पुस्तक खाली ठेवावं लागतं, पण त्यात जपानी आणि कोरियन पहारेकऱ्यांच्या डोक्यात पण शिरलाय तो, जे लीनला साइतोच्या बाबतीत अर्धंच जमलं. बूलची मूळ कादंबरी लहान आहे, ती कधीही होईल. मजुरांचं म्हणाल तर इतिहासकारांच्या पुस्तकांतली प्रकरणं आणि मलेशियात नोंदवलेल्या मुलाखती, बस. वाचलेले लोक म्हातारे झाल्यावर घेतलेल्या.

झोपमोड्या

लोमॅक्सपासून करतो सुरुवात. त्या मुलाखती कुठे ऐकायला मिळत असतील तर शाईचा_डाग ताई, व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा प्लीज, तमिळमध्ये असल्या तरी चालतील, सबटायटल शोधतो कुठूनतरी.